करंगळीएवढा पाईप

पाण्याखाली पाईपचं वजन दातांना कळतं, ही एवढीशी गोष्ट रत्नदीपला सोलापुरात कुणालाच पटवता येईना.

लोकांचं तरी काय चुकलं. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथं पाईप म्हटलं की माणूस आधी लांबी विचारतो, मग बॅरल किती मिनिटांत भरतं ते विचारतो. दातांचा संबंध येतो कुठं. रत्नदीप मात्र टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचच्या टेबलावर बसून दिवसभर मोबाईलवर पाईप बघायचा. निळे पाईप. काळे पाईप. वरून सुतासारखं विणकाम केलेले. पाठीवरच्या टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारे, करंगळीएवढे, स्कूबा डायव्हिंगचे पाईप. बघता बघता डोक्यावरच्या पंख्यातून बुडबुडे निघाल्यासारखे वाटायचे, खिडकीतला उजेड हिरवट व्हायचा, आणि टेबलासमोर सुपरवायझर माशासारखा तोंडाची उघडझाप करत तरंगायचा.

सुपरवायझर खरं तर त्याला हाका मारत असायचा.

झालं होतं असं. डिसेंबरात रत्नदीप तारकर्लीला डायव्हिंगचा कोर्स करायला गेला. पोहण्याच्या तलावातले सगळे धडे पास. मास्तर म्हणाले, सोलापूरकर भारी निघाला. मग समुद्र. तिथं त्याला जे यंत्र दिलं त्याचा रबरी पाईप जुना होता, वाळक्या वेलासारखा ताठ. मान डावीकडं वळवली की पाईप दातांत धरलेलं यंत्राचं तोंड उजवीकडं ओढायचा. दातांनी धरून धरून जबडा आखडला, आणि चौथ्या मिनिटाला दातांनी राजीनामा दिला. मास्तरांनी बगलेत हात घालून वर काढलं. वर आल्या आल्या नाकातून अर्धा अरबी समुद्र सोडत रत्नदीप "आई गं" म्हणाला. याचा व्हिडिओ आहे. गल्लीच्या ग्रुपवर तो अजून अधूनमधून येतो, लोक त्याखाली 'शुभ सकाळ' लिहितात.

पहिल्या तीन मिनिटांचा मात्र व्हिडिओ नाही. ती रत्नदीपनं फक्त बायकोला, राजश्रीला सांगितली होती.

"तीन मिनिटं मी कुणाचाच कुणी नव्हतो बघ. काही वजनच नव्हतं. श्वासाचा आवाज तेवढा."

"माझाबी कुणी नव्हता?"

"तुझाबी नव्हतो."

"बरं," राजश्री म्हणाली. "मग चौथ्या मिनिटाला आई गं कशाला म्हणला?"

राजश्री नर्स आहे, तिला नेमकं कुठं सुई टोचायची ते कळतं.

मास्तरांनी सांगितलं होतं, समुद्रातल्या चार बुड्या राहिल्यात. बावीस मेच्या आत ये. नंतर समुद्र बंद, आणि पुढच्या साली कोर्स पहिल्यापासून. जबड्याचा त्रास असेल तर स्वतःचा हलका, लवचिक पाईप घेऊन ये. म्हणजे सगळा प्रश्न पाईपवर येऊन थांबला. बावीस मेच्या आत पाईप मिळाला तर तीन मिनिटांची तीस मिनिटं होणार होती. नाही मिळाला तर उरलेला जन्म तो व्हिडिओ.

आता घरात पाईपचा विषय काढायचा म्हणजे आण्णांना ओलांडून जाता येत नव्हतं. आण्णा म्हणजे त्याचे वडील, सिद्राम. होटगी जंक्शनला चौतीस वर्षं फिटर. काम काय, तर डब्याखाली वाकून एका डब्याचा ब्रेकचा पाईप दुसऱ्या डब्याच्या पाईपला जोडायचा आणि हवा गळते का बघायची. म्हणजे घरात जगातला कुठलाही विषय निघाला तर आण्णा गप बसत, पण हा एकच विषय असा होता की ज्यात त्यांच्यापुढं बोलायची कुणाची टाप नव्हती, आणि चौतीस वर्षांत तो विषय कुणी काढलाच नव्हता.

रत्नदीपनं मोबाईल पुढं केला. आण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं.

"ही नाडी हाय का पाईप?"

"पाईपच आहे आण्णा. नवीन आहे. आत वेगळं मटेरियल, वर वीण."

"वजन?"

"वजनच नाही, तीच तर गंमत."

"वजन न्हाय तो पाईप कसला. आमचा पाईप मनगटाएवढा. हातात घेतला की कळायचं, हातात काय तरी हाय. पाच किलो प्रेशर असतंय त्यात. तुझ्या नाडीत किती?"

रत्नदीपला इथं खोटं बोलता आलं असतं. पण तो पडला सरळ माणूस.

"नऊ-दहा."

आण्णांनी चहाची कपबशी खाली ठेवली.

"धा किलो," ते हळूच म्हणाले. "करंगळीत." आणि उठून बाहेर गेले.

तरी रत्नदीपनं दोन पाईप मागवले. दोन वेगळ्या कंपन्यांचे, एक निळा, एक काळा. बघून एक ठेवायचा, एक परत. आठवड्यात येणार होते. दहा दिवस झाले तरी पत्ता नाही म्हणून तो कुरियरच्या हापिसात गेला. तिथल्या माणसानं कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, "तुमचं पार्सल मालवणला हाय."

"मालवणला कशाला?"

"आतला माल काय लिवलाय बघा, समुद्रात बुडायचं सामान. आणि पत्ता सोलापूर. आमच्या माणसाला वाटलं पत्ता चुकला. चांगल्या मनानं पुढं पाठवलं त्यानं."

"अहो, पत्ता बरोबर आहे की."

"ते खरं हाय. पण इचार करा सायेब, सोलापुरात कुणी मागवंल का?"

रत्नदीपनं विचार केला. त्या माणसाचं काही चुकलं असं त्याला म्हणता येईना. मग आधारकार्डाची झेरॉक्स, त्यावर सही, 'मी सोलापुरातच राहतो व सदर सामान मलाच लागणार आहे' असा अर्ज, आणि अर्जात कारण. कारणाच्या रकान्यात त्यानं आधी 'जबडा' लिहिलं, मग खोडून 'वैयक्तिक' लिहिलं. पार्सल आलं तेव्हा मेची आठ तारीख होती. खोक्याच्या एका कोपऱ्याला बारीक वाळू चिकटली होती. ती त्यानं कितीतरी वेळ झटकली नाही. आपल्या आधी आपला पाईप समुद्र बघून आला, याचं त्याला वाईटही वाटलं आणि जरा कौतुकही वाटलं.

दोन्ही पाईप हातात घेतले. निळा तर असा की हातात आहे का नाही, डोळे मिटून सांगता येऊ नये. काळा थोडा भरीव. रत्नदीपचं मन निळ्यावर गेलं. निळा म्हणजे खाली उतरल्यावर पाण्यात विरघळूनच जाईल. गॅलरीत बसून तो निळा पाईप गळ्याभोवती घेऊन डोळे मिटून होता, तेवढ्यात शेजारचे नरसय्या आले.

नरसय्यांचा जन्म मागावर गेला. आधी हातमाग, मग यंत्रमाग. आता माग नाहीत, पण दारावर वाळत घातलेली चादर दिसली की त्यांचा अंगठा आपोआप काठावर जातो. त्यांना नमस्कार करायच्या आधी बायका पदर सावरतात, कारण ते पदराची वीण मोजतात.

"अब्बाई, पोरा, हे काय विणलंय?" म्हणत त्यांनी निळा पाईप काढून घेतला. कानाजवळ नेऊन वाकवला. नखानं धागे मोजले. मग काळा घेतला, तोही वाकवला, त्याचंही ऐकलं. पाईपच्या टोकाला जिथं धातूची टोपी दाबून बसवतात, तिथं अंगठा फिरवला.

"निळ्याचं अंग लई छान," ते म्हणाले. "पण काठ सैल आहे. हे बघ, टोपीखाली धागा सुटला. ह्याला दहा वेळा मुडपलं की इथनं जाणार. काळा घे. काळ्याचा विणकर लक्ष देऊन बसलेला होता."

"मशीनवर विणतात हो ते."

"मशीनसमोर कुणीतरी बसतंच की," नरसय्या म्हणाले, आणि जाता जाता रत्नदीपच्या बनियनचा काठ बघून मान हलवून गेले.

रत्नदीपनं मोबाईलची बॅटरी लावून निळ्याचं टोक बघितलं. खरंच एक धागा केसाएवढा वर आला होता. तीन आठवडे इंटरनेटवर पाईपांबद्दल जे जे होतं ते सगळं वाचून त्याला जे दिसलं नव्हतं, ते शेजाऱ्यानं अंगठ्यानं वाचलं होतं. थोडा अपमान झाला. पण निळा परत गेला.

काळा राहिला.

यंत्र त्यानं आधीच ओळखीच्या शिवूकडून सेकंडहँड घेतलं होतं. शिवू उजनी धरणावर पाण्याखाली उतरून दारांची दुरुस्ती करतो. त्याच्या यंत्राला श्वास घ्यायची दोन तोंडं होती. एक स्वतःचं. दुसरं पिवळं, जोडीदाराची हवा संपली तर त्याला द्यायचं. रत्नदीपनं काळा पाईप स्वतःच्या तोंडाला जोडला. पिवळ्याला जुनाच ताठ पाईप राहू दिला, कारण त्याला जोडीदार कोण असणार होता.

शिवूची भरलेली टाकी स्वयंपाकघरात उभी केली. पाना फिरवला. आणि आण्णा आले. हातात दाढीचा ब्रश, वाटीत साबणाचा फेस.

"आण्णा, मी यूट्यूबवर बघून सगळं नीट—"

"सरक."

आण्णांनी ब्रशनं एकेक सांधा फेसानं माखला, अगदी लेकराच्या गालाला लावावं तसा. मग वाकून, श्वास धरून बसले. फ्रिजसुद्धा बंद पडल्यासारखा वाटला. काळा पाईप जिथं यंत्राला जोडला होता तिथं फेसात एक बुडबुडा आला. मोहरीएवढा. मग ज्वारीएवढा. मग फुटला.

आण्णा काही बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता ब्रश त्या जागी धरला आणि रत्नदीपकडं बघितलं. रत्नदीपनं सांधा उघडला. आतली बारकी रबरी कडी तो बसवायलाच विसरला होता. ती खिशात होती.

"ह्ये यूट्यूबवर असतंय का?" आण्णांनी विचारलं.

त्या दिवसापासून सूत्रं आण्णांकडं गेली. रेल्वेत गाडी सुटायच्या आधी ब्रेक तपासून एक कागद भरतात, ब्रेक पॉवर सर्टिफिकेट. त्याच्यावर तपासणाऱ्याची सही नसली तर इंजिन शिट्टी मारत उभं राहील, पण गाडी हलणार नाही. आण्णांनी कॅलेंडरचं एप्रिलचं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूला पट्टीनं रेघा मारल्या आणि लिहिलं. गाडी: तारकर्लीला जाणारी. डबे: एक. पाईप: विणलेला, हलका. शेरा: बघू. खाली सहीची जागा मोकळी.

"पाण्यात चाचणी झाल्याबिगर सही न्हाय," ते म्हणाले. "आणि सही न्हाय तर समुद्र न्हाय."

"आण्णा, मी एकतीस वर्षांचा आहे."

"डबा कितीबी जुना असू दे, तपासावाच लागतोय."

चाचणी ठरली होटगीला, रेवणप्पाच्या विहिरीवर. आण्णांचा जुना दोस्त. मेमध्ये पाणी टिकणारी तेवढीच एक विहीर, तीन पुरुष खोल पाणी. रविवारी सकाळी रत्नदीप, राजश्री आणि आण्णा रिक्षात टाकी घालून गेले. शिवूला उजनीवरून सुट्टी मिळाली नाही. त्यानं फोनवर तीन-तीनदा बजावलं, कमरेला दोर बांध, आणि वर येताना हवा सोडत ये, धरून ठेवू नको. रिक्षात रत्नदीपनं तेच सगळ्यांना गाल फुगवून करून दाखवलं.

विहिरीवर बघतो तर पंधरा-वीस माणसं. आण्णांच्या बरोबरचे रिटायर गार्ड ईरप्पा हिरवं आणि लाल, दोन्ही निशाणं घेऊन आले होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण गाडी सुटणार म्हटल्यावर गार्ड लागतोच.

आता होटगीकडं एक रीत आहे. माणूस कुठल्याही कारणानं विहिरीत उतरला की त्यानं गावाच्या हरवलेल्या वस्तू बघून यायच्या. तेवढ्यासाठी कुणी उतरत नाही, पण उतरतोयच म्हटल्यावर. रत्नदीपनं टाकी पाठीवर चढवली आणि एकेक जण जवळ यायला लागला. ईरप्पांचा नऊ नंबरचा पाना. रेवणप्पाचा मोबाईल, दोन सिमवाला. कुणाची तरी बादलीची कडी. शेवटी रेवणप्पाची म्हातारी आई मायाक्का काठी टेकत आली.

"माझा तांब्या बघ रे लेकरा. पितळंचा. लग्नातला हाय, काठावर नाव हाय माझं. पडल्याला चाळीस वर्सं झाली की."

"आज्जी, मी पाईपची टेस्ट घ्यायला चाललोय."

"व्हय, व्हय. पाईप घे की. जाता जाता तांब्या बघ."

"वीस मिनिटं," आण्णांनी दोराची गाठ ओढून बघत सांगितलं. "बुडबुडं दिसत राहिलं पायजेत. बुडबुडं थांबलं की मी दोर ओढणार."

ईरप्पांनी हिरवं निशाण दाखवलं. "हौदु, व्हय, निघा आता."

रत्नदीप उतरला.

पहिल्यांदा नुसता गार अंधार. मग डोळे सरावले आणि वरून गोल उजेडाचा एक खांब खाली आलेला दिसला, त्यात शेवाळाचे कण हळूहळू वळत होते. त्यानं मान डावीकडं वळवली. काहीच ओढलं नाही. उजवीकडं वळवली. पाईप बरोबर आला, अगदी राजी होऊन. दातांवर काही नव्हतं. श्वास आत, श्वास बाहेर. तो गुडघे पोटाशी घेऊन खांबाच्या मधोमध बसल्यासारखा झाला आणि बघता बघता कारखाना, बावीस मे, व्हिडिओ, सगळं वरच्या वर्तुळाएवढं लहान झालं. तिथं कडेनं डोकी दिसत होती, ताटात मोहरी ठेवल्यासारखी. एक डोकं सगळ्यांत पुढं आलेलं होतं. ते आण्णांचं.

कमरेचा दोर विहिरीतल्या पाण्याच्या मोटारीच्या पाईपला अडकायला लागला म्हणून त्यानं सोडून ठेवला. आत्ता परत बांधू, असं मनात म्हणाला. समोर दगडात एक कपार होती, खोलीएवढी. तिच्यात एक पांढरा बारीक मासा एकाच जागी थांबून त्याच्याकडं बघत होता. रत्नदीप आत सरकला. तो हलला नाही. त्याचे बुडबुडे कपारीच्या छताला चिकटून पाऱ्यासारखे चमकायला लागले, एकात एक मिसळून मोठे व्हायला लागले. त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं. तोंड शांत होतं. हे तोंड आपलं आहे, हे त्याला पटायला वेळ लागला.

बुडबुडे छताला अडकलेत, म्हणजे वर जात नाहीत, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

वरचा उजेड एकदम फुटला. रत्नदीप कपारीतून बाहेर आला तर वरून मोठं पांढरं काहीतरी खाली येत होतं. फुगलेलं, हळूहळू हलणारं, खाली दोन बारीक पाय. क्षणभर त्याला वाटलं, विहिरीत जेलीफिश. मग जेलीफिशनं मोटारीचा पाईप दोन्ही हातांनी धरला आणि एकेक हात टाकत खाली उतरायला लागली. पायजम्यात हवा भरलेली, चष्मा नाही, डोळे सताड उघडे. आण्णा.

सदुसष्ट वर्षांचे आण्णा. त्यांच्या एका मनगटाला रिकामा दोर गुंडाळलेला होता.

त्यांना रत्नदीप दिसला. त्यांनी हात पुढं करून आधी त्याचा खांदा चाचपला, मग गाल, मग सवयीनं पाईपचा सांधा. सांध्यावरून अंगठा फिरवला. आणि मग त्यांच्या डोळ्यांवरून कळलं की श्वास संपलाय.

कोर्समध्ये शिकवलं होतं ते सगळं विसरलेल्या रत्नदीपला एकच आठवलं. त्यानं तोंडातलं यंत्र काढून आण्णांच्या तोंडात दिलं, आत शिरलेलं पाणी निघावं म्हणून पुढचं बटण दाबलं. आणि स्वतः पिवळं घेतलं. ताठ पाईपवालं.

आण्णांनी पहिला श्वास असा घेतला की जणू कुणाची तरी चोरी करताहेत. थांबले. दुसरा घेतला. त्यांनी काळा पाईप दोन बोटांत धरून वाकवून बघितला. तिसरा श्वास. मग त्यांचे खांदे खाली आले. रत्नदीपनं वरती अंगठा केला, चला. आण्णांनी मान हलवली. नाही. रत्नदीपनं परत अंगठा केला. आण्णांनी हातानं थांब म्हणून सांगितलं, जसं ते मधल्या वेळच्या चहाला कुणी हाक मारली की सांगत. एका हातानं मोटारीचा पाईप धरून ते उजेडाच्या त्या खांबाकडं बघत राहिले. चौतीस वर्षं डब्याखाली वाकून ज्या हवेचा फक्त गळण्याचा आवाज ऐकला होता, ती हवा आता त्यांच्यासाठी येत होती. जात होती. पांढरा मासा कपारीतून बाहेर येऊन त्यांच्याजवळ थांबला.

किती वेळ गेला काय माहीत. रत्नदीपच्या जबड्याला माहीत होतं. ताठ पाईप त्याचं तोंड कानापर्यंत ओढत होता. शेवटी त्यानं गाल फुगवून हवा सोडायची खूण केली, आण्णांचं मनगट धरलं, आणि दोघं बुडबुडे सोडत सोडत वर आले.

वर ईरप्पा दोन्ही निशाणं एकदम हलवत होते. राजश्री पायरीवर गुडघाभर पाण्यात उभी होती. तिनं आधी सासऱ्यांची नाडी बघितली, मग नवऱ्याकडं बघितलं. त्या बघण्यात जे होतं ते सोलापूरला पोचल्यावर सांगितलं जाणार होतं.

"अय्यो, दोर मोकळा आला की ह्यानं चष्मा माझ्याकडं दिला आणि मारली उडी," ईरप्पा धापा टाकत सांगत होते. "आणि मग तुमी दोगंबी येईना. खाली करत काय होता?"

आण्णा काठावर बसले. पायजम्यातून पाण्याचे ओघळ वाहत होते. डोळे अजून खालीच होते.

"माझा तांब्या?" मायाक्कानं विचारलं.

"मायाक्का," आण्णा म्हणाले, "तितं कोण तांब्या बघतंय."

आण्णांच्या आवाजात असं काही होतं की ईरप्पांनी पान्याचं विचारलंच नाही.

मग आण्णांनी चष्मा मागितला. राजश्रीकडून कॅलेंडरचा कागद मागितला, गुडघ्यावर ठेवला. ओल्या हातानं कागद भिजत होता. 'शेरा: बघू' यावर रेघ मारून त्यांनी 'बघितलं' लिहिलं. खाली सही केली, चौतीस वर्षं करत होते तशीच, पूर्ण. मग थोडं थांबून पेन वर नेलं. 'डबे: एक' यातला 'एक' खोडला आणि 'दोन' लिहिलं.

"काळ्यातला अजून एक मागव," ते रत्नदीपला म्हणाले, "आणि काठ त्या नरसय्याकडनं बघून घे. बावीसच्या आत."

आण्णांना आधी कोर्स करावा लागेल, डॉक्टरचा दाखला लागेल, या वयात घेतील का नाही तेही बघावं लागेल, आणि कुरियरवाला पार्सल पुन्हा मालवणला नेईल, असं बरंच काही रत्नदीपला सांगायचं होतं. पण ताठ पाईपनं जबडा असा आखडला होता की तोंड उघडून त्यातून एकच शब्द बाहेर आला.

"व्हय."